जुन्या चेतकचे पार्ट घेताना

पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोलबाग: इंजिनाचे पार्ट तिथे अजून मिळतात. खरं अडतं ते साइड पॅनल, डिकीचं झाकण, हेडलाइटची रिंग यांच्यापाशी. ते भंगारात नाहीतर जुन्या बाजारात शोधायचे, आणि डेंट चालेल पण तळाचा पत्रा सडलेला नको.

दुकानात जुना पार्ट हातात घेऊनच जा. नुसतं 'चेतकचं मॅग्नेट द्या' (ठिणगीसाठी वीज तयार करणारं चाक) म्हटलंत तर पॉइंटवाल्या, म्हणजे जुन्या यांत्रिक इग्निशनच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं गळ्यात पडतं. टायरचंही तसंच, चेतकला ३.५०-१०, बजाज सुपरला ३.५०-८.

टू-स्ट्रोक चेतकचा मूळ पिस्टन ५७ मिमीचा. सिलिंडरला ओरखडे असतील तर आधी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन विकत घ्या, मग तोच पिस्टन लेथवाल्याला देऊन त्याच्या मापाने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून मोठा करून घ्या. उलट केलंत तर माप जुळत नाही आणि पिस्टन जाम होतो.

'कंपनीचा जुना स्टॉक' ऐकून हुरळू नका. गिअर, क्रॉस (गिअर बदलणारा फुलीसारखा भाग), शाफ्ट जरूर घ्या, ऑइल सील मात्र नवीनच. वर्षानुवर्षं पडून रबर कडक होतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील हवा खेचू लागलं की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिन तापतं. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल जळून पांढरा धूर निघतो.

पुढच्या काळात टंचाई पत्र्याची असेल, रबराची नाही. नव्या इलेक्ट्रिक चेतकचं यातलं काहीच बसत नाही. म्हणून चांगला पत्रा दिसला की उचला. आणि १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरसी नूतनीकरण चुकवू नका.