फंक्शनला दिलेल्या किमती नेमक्या कुठे जातात, ते स्वतः कसं पाहावं

जळगावात माझ्याकडे असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरचे आदेश थेट लिहिण्याची भाषा, शिकायला येणाऱ्या मुलांना फंक्शनच्या किमती ज्यांत जातात त्या रजिस्टरांचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांचा, क्रम पाठ असतो. पण सातवी किंमत कुठे गेली विचारलं की गप्प होतात. म्हणून मी सांगतो, पाठ करू नका, सीचं असेंब्लीत रूपांतर करणाऱ्या कंपायलरलाच विचारा. तासाभराचं काम आहे. इथे ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसर आणि लिनक्स धरलं आहे.

आधी सीमध्ये आठ पूर्णांक घेणारं बेरजेचं फंक्शन लिहा. ते वेगळ्या फाइलीत ठेवा, मुख्य फाइलीत नुसतं जाहीर करा. दोन्ही एकत्र ठेवलं तर कंपायलर कॉलच गाळून टाकू शकतो, मग पाहायला काही उरत नाही. किमती ११, २२, ३३ अशा ८८ पर्यंत द्या, म्हणजे गर्दीतही चटकन ओळखू येतात.

आता मुख्य फाइलीवर जीसीसी हा कंपायलर चालवा. डॅश मोठा ओ एक, डॅश मोठा एस, आणि वाचायला सोपं जावं म्हणून एमएएसएम पर्यायात इंटेल. तयार झालेली असेंब्लीची फाइल उघडून ११ शोधा. तो ईडीआयमध्ये, म्हणजे आरडीआयच्या खालच्या अर्ध्या भागात भरलेला दिसेल. २२ ईएसआयमध्ये, ३३ ईडीएक्समध्ये, ४४ ईसीएक्समध्ये, ५५ आर८डीमध्ये आणि ६६ आर९डीमध्ये. रजिस्टरं इथे संपली. ८८ आणि ७७ त्याच क्रमाने स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या किमतींच्या चळतीवर, पुश होतात. शेवटची किंमत आधी ढकलली जाते, म्हणून सातवी सगळ्यात वर राहते.

त्या दोन पुशच्या आधी आरएसपीमधून, म्हणजे स्टॅकच्या माथ्याचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरातून, ८ वजा केलेले दिसतील. त्या ओळीवर थांबा. कॉलच्या क्षणी आरएसपी १६ ने भागला जायला हवा, हा नियम आहे. मी एकदा हाताने लिहिलेल्या असेंब्लीतून केळीच्या वजनाचा दशांश आकडा प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनने छापत होतो आणि ही वजाबाकी विसरलो. पूर्णांक बिनबोभाट छापले जात होते. दशांश आला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद! शेजारी बसलेला मुलगा अहिराणीत म्हणाला, "काय व्हयनं?" अर्धा दिवस छपाईच्या ओळीवरच संशय घेतला. खरा दोषी होता प्रिंटएफच्या आतला मूव्हएपीएस हा आदेश: त्याला १६ ने भाग जाणारा पत्ताच लागतो. दशांश किमती एक्सएमएम० ते एक्सएमएम७ या वेगळ्या रजिस्टरांमध्ये जातात, आणि प्रिंटएफसारख्या फंक्शनला अशी किती रजिस्टरं वापरली ते एएल या छोट्या रजिस्टरात सांगावं लागतं. तिथे शून्य असलं की तो आदेश टळतो, म्हणून पूर्णांकांना काही झालं नव्हतं.

पुढे दोन्ही फाइली जोडून जीडीबीत, म्हणजे प्रोग्रॅम थांबवत तपासायच्या साधनात, चालवा. ब्रेक लावताना फंक्शनच्या नावाआधी तारा-चिन्ह द्या, नाहीतर जीडीबी सुरुवातीचे आदेश ओलांडून थांबतो. थांबल्यावर आरएसपीपाशी परतीचा पत्ता दिसेल, ८ बाइट पुढे ७७, १६ बाइट पुढे ८८. आतलं काम संपलं की उत्तर ईएएक्समध्ये येतं आणि स्टॅक साफ करायचं काम कॉल करणाऱ्याकडे असतं. इथे त्याला आरएसपीत २४ बाइट (दोन पुशचे १६ आणि आधी वजा केलेले ८) परत जोडावे लागतात.

आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ यांचं मात्र वेगळं. भरीत ठेचायला शेजारची बडगी आणली की आपण ती धुऊन, होती तशी परत देतो. आतल्या फंक्शनने ही सहा रजिस्टरं वापरली तर परतताना जुन्या किमती तशाच ठेवायच्या. बाकीच्यांचा भरवसा धरू नये. कॉलनंतर आरसीएक्समध्ये जुनी किंमत मिळेल असं समजणं ही मला मुलांच्या वह्यांत सर्वांत जास्त सापडणारी चूक आहे.

हाच प्रयोग ६४ बिटी विंडोजवर करा. तिथे आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ एवढी चारच रजिस्टरं मिळतात, आणि त्या चौघांसाठी स्टॅकवर ३२ बाइटची रिकामी जागाही सोडावी लागते. त्यामुळे पाचवी किंमत आत शिरताना आरएसपीपासून ४० बाइटवर सापडते. ६४ बिटी एआरएमवर, म्हणजे मोबाइलमध्ये असतात तशा प्रोसेसरवर, आठही किमती एक्स० ते एक्स७ या रजिस्टरांमध्ये मावतात. तिथे स्टॅक पाहायचा असेल तर नववी किंमत जोडा, ९९.