बोटांचे सांधे दुखत असताना हात कसे वापरावेत

बोटे दुखू लागली की घरातील माणसे आपुलकीने ‘आता हाताला आराम दे’ असे सांगतात, पण पूर्ण आरामाने हात आणखी आखडतो आणि त्याची ताकदही जाते. म्हणून काम सोडण्याऐवजी ते करण्याची पकड बदलावी. चिमटीचे काम मुठीकडे, मुठीचे तळव्याकडे आणि तळव्याचे कोपराकडे किंवा खांद्याकडे सोपवावे, हे यातील मुख्य सूत्र आहे. चिमटीत अंगठ्याच्या टोकाने जेवढा जोर आपण लावतो, त्याच्या कित्येक पट भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर पडतो. झाकण फिरवताना किंवा किल्ली वळवताना नेमकी तीच जागा ठणकते, त्याचे कारण हे आहे.

त्याआधी दुखणे कोणते आहे हे डॉक्टरांकडून निश्चित करून घ्यावे. झिजेच्या संधिवातात बोटांच्या शेवटच्या आणि मधल्या पेरांवर कठीण गाठी येतात, अंगठ्याचे मूळ दुखते आणि सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) मात्र मनगटे आणि मुठीच्या उंचवट्यांवरील सांधे बहुधा दोन्ही हातांना सुजतात व ताठरपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकतो. असे असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये, कारण सुरुवातीच्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर सांधे वाकडे होणे बऱ्याच अंशी टळते. आमवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेल्यास जीवावर बेतू शकते, म्हणून घरातील दुसऱ्या कोणाला तरी तो वार माहीत असावा. कोणतेही नाव नसलेल्या ‘वाताच्या पुड्या’ कितीही लवकर गुण देत असल्या तरी घेऊ नयेत, कारण अशा काही औषधांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

सर्वाधिक बदल स्वयंपाकघरात करावे लागतात. कणीक थोडी सैल भिजवून वीस मिनिटे झाकून ठेवली की तिला फार मळावे लागत नाही. मळताना बोटे न रुतवता तळव्याचा मनगटाजवळचा भाग वापरावा, आणि परात ओट्याऐवजी कमरेपेक्षा थोड्या कमी उंचीच्या टेबलावर ठेवल्यास शरीराचे वजन कामी येते. भरलेली कढई सांडशीने एका हाताने उचलणे टाळावे. दोन कानांचे भांडे घेऊन ते दोन्ही हातांनी उचलावे, किंवा भात आणि बटाटे झाऱ्याने पाण्यातून काढून घ्यावेत, म्हणजे जड भांडे उपसायची वेळच येत नाही. बरणीचे झाकण उघडताना खाली ओले फडके आणि वर रबरी जाळीचा तुकडा ठेवून तळव्याने दाबत फिरवावे. सुरी, झारा आणि लाटण्याच्या मुठी जाड करण्यासाठी एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी उत्तम. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि हवी तेवढी कापता येते. ओले कपडे पिळताना ते नळाभोवती अडकवून दोन्ही टोके एकत्र धरून पीळ द्यावा. मुंबईत रेल्वे स्थानकांबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी मिळते. ती घेण्यात कमीपणा मानू नये.

प्रवासात भाजीची पिशवी बोटांवर लटकवू नये. ती कोपरात अडकवावी किंवा पाठीवरची पिशवी वापरावी. लोकलमध्ये वरच्या कडीला बोटांनी लोंबकळण्यापेक्षा शक्य असेल तेव्हा खांबाला हाताचा वेढा घालून उभे राहावे. मोबाइल हातात धरून अंगठ्याने लिहिणे हे अंगठ्याच्या मुळासाठी फार त्रासदायक असते. तो टेबलावर ठेवून तर्जनीने लिहावे किंवा मराठीत बोलून मजकूर उमटवावा.

सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून मग सावकाश मूठ वळावी, बोटे पसरावीत आणि अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावावा. कडक चेंडू दाबण्याचा व्यायाम बऱ्याच जणांना सुचवला जातो, पण अंगठ्याचे मूळ दुखत असल्यास तो तज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये. सांधा गरम आणि सुजलेला असेल तेव्हा शेक न देता फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा. कामानंतर दोन तास उलटूनही वेदना वाढलेलीच राहिली तर पुढच्या वेळी तेच काम कमी किंवा टप्प्याटप्प्याने करावे. अंगठी घट्ट होऊ लागताच काढून ठेवावी. एखादा सांधा अचानक लालबुंद झाला आणि ताप आला तर मात्र घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हे सारे एकट्याने शोधत बसण्याची गरज नाही, कारण हातांच्या दैनंदिन वापराचे शास्त्र शिकलेले ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुंबईत आहेत. 1950 साली, भारतात या विषयाचा पाया घालणाऱ्या कमला निंबकर यांनी त्याचे शिक्षण मुंबईच्याच केईएम रुग्णालयात सुरू केले होते. हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेतही हा विभाग आहे. अंगठ्याला आधार देणारा पट्टा तेथे हाताच्या मापाने बनवून घेता येतो, जो तयार पट्ट्यापेक्षा अधिक नीट बसतो. भेटीला जाताना रोजची सुरी, लाटणे, घराची किल्ली आणि मोबाइल सोबत न्यावा व त्या वस्तू आपण कशा धरतो हे प्रत्यक्ष करून दाखवावे. केवळ ‘हात दुखतो’ एवढे सांगितल्याने चुकीची पकड कोणती हे थेरपिस्टला कळत नाही.