पाठीला वारा घ्या: बेळगावच्या सायकलवाल्यांसाठी आयर्लंड

चोर्ला घाटातून एका दिवसात पणजी गाठणारे सायकलवाले माझ्या ओळखीत बरेच आहेत. आयर्लंडचं नाव काढलं की ते पहिल्यांदा एकच विचारतात, रोज किती किलोमीटर पडतील? माझं उत्तर ठरलेलं आहे: साठ. वारा समोरून असेल तर पन्नास, आणि त्या दिवशी कुरकुर करायची नाही. उद्यमबागेत लेथवर आयुष्य गेलं, त्यामुळे मापाशिवाय मला करमत नाही. पण त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर आधी वारा बघायचा आणि मग किलोमीटर. थोरली मुलगी लिमरिकला असते, म्हणून माझं तिकडं जाणं-येणं आहे. खालचं सगळं खेड्यापाड्यातल्या रस्त्यांपुरतं समजा. डब्लिन शहरात सायकल चालवायला मी कुणाला सांगणार नाही.

अटलांटिकवरून येणारा वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून नाहीतर पश्चिमेकडून असतो. म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं, म्हणजे तो निदान अर्धा वेळ तरी पाठीशी राहतो. 'वाइल्ड अटलांटिक वे' नावाचा किनारी मार्ग आहे, कॉर्कमधल्या किन्सेलपासून वर डोनेगलपर्यंत सुमारे 2500 किलोमीटर. 2014 साली तो आखला तो गाडीवाल्यांसाठी. निळ्या लाटेची पाटी दिसली की तिच्या मागे जायचं, असं त्याचं तंत्र. सगळा मार्ग करायच्या भानगडीत पडू नका, एक तुकडा घ्या.

मी सुचवीन तो तुकडा असा. लिमरिकहून एनिसमार्गे क्लेअर परगण्याचा किनारा गाठा, मोहरचे कडे बघा (सर्वात उंच जागी 214 मीटर, आणि कठड्यापलीकडे वारा माणसाला ढकलतो, सेल्फी घेणाऱ्यांनी जपून), मग डूलिनला उतरा. इथून उन्हाळी हंगामात इनिश मोर बेटावर बोट जाते. बेटावर दगडी गडग्यांमधून जाणारे रस्ते आणि कड्याच्या टोकावरचा दून एंगस हा पुरातन किल्ला. रात्र बेटावरच काढा. दिवसाचे प्रवासी संध्याकाळच्या बोटीनं परतले की रस्ता तुमचाच असतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या रोसाव्हील बंदराची बोट धरली की थेट कॉनेमारा या डोंगराळ मुलखात, गॉलवे शहराची गर्दी टळते. सायकल घेणार का, भाडं किती, हे दोन्ही बोटींना आधी विचारून ठेवा. पुढे क्लिफडेन, लीनान आणि डूलॉख दरी.

ही दरी मात्र घाईत उरकू नका. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मध्ये काळं तळं, घर क्वचितच. 1849 च्या मार्चमध्ये, बटाट्याच्या दुष्काळात, लुईसबर्गहून शेकडो उपाशी माणसं धान्याच्या आशेनं याच दरीतून डेल्फी इथल्या, मदत ठरवणारे अधिकारी उतरलेल्या बंगल्यापर्यंत चालत गेली आणि परतताना कितीतरी जण वाटेत मेले. रस्त्याकडेला साधा दगडी क्रूस आहे. दक्षिणेकडून आलात तर तो दरीच्या वरच्या अंगाला लागतो.

ज्यांना आणखी दक्षिणेकडच्या केरीपासून सुरुवात करायची आहे त्यांनी शॅनन नदीच्या मुखाला वळसा घालून लिमरिकला येऊ नये. टार्बर्टहून किलिमरला फेरीबोट आहे. वीसेक मिनिटांत पलीकडे, आणि शंभरावर किलोमीटर वाचतात. 'रिंग ऑफ केरी' या तिथल्या किनारी फेरीचं नाव फार मोठं आहे, पण टुरिस्ट बसच्या रांगा बघून माझा जीव घाबरतो. शेजारचं बेआरा द्वीपकल्प करा, तसाच समुद्र आणि तसेच डोंगर.

रस्त्यांची प्रतवारी एकदा समजून घेतली की नकाशा बोलायला लागतो. 'एम' म्हणजे मोटरवे, तिथं सायकलला बंदी. 'एन' राष्ट्रीय रस्ते, शक्यतो टाळा. 'आर' बरे. 'एल' म्हणजे स्थानिक, आणि आपलं काम तिथं. कित्येक एल रस्ते एका गाडीपुरतेच, मधोमध गवत उगवलेलं, दोन्हीकडे उंच कुंपणझाडी. फेब्रुवारी 2025 पासून या ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटरवरून 60 केली आहे, हे आपल्या पथ्यावरच. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, तो त्रास नाही. पण तिथला गाडीवाला हॉर्न वाजवत नाही, मुकाट मागे येत राहतो. आपली सवय हॉर्न ऐकून बाजूला होण्याची. तेव्हा हँडलला आरसा लावाच, आणि शेताचं फाटक दिसलं की तिथं थांबून मागच्याला वाट द्या. जाताना तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो नमस्कार. तुम्हीही एक बोट उचला, एवढं पुरे. उन्हाळ्यात ओला चारा वाहणारे ट्रॅक्टर मात्र आपल्या उसाच्या ट्रॉल्यांपेक्षा रुंद आणि त्याहून कितीतरी वेगात येतात. आवाज आला की सरळ उतरा.

पाट्यांचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको. 1 नोव्हेंबर 2014 ला आपल्या गावाचं सरकारी नाव बदललं, तरी आपण बेळगावच म्हणतो. तिकडं बहुतेक ठिकाणी पाटीवर आयरिश आणि इंग्रजी दोन्ही नावं असतात, पण 'गेलटाख्त' म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यात फक्त आयरिश. दक्षिण कॉनेमारा त्यातच येतो. फोनमध्ये जे नाव बघून तुम्ही निघालात ते चौकात लिहिलेलं नसणार. रोज रात्री उद्याच्या गावांची दोन्ही नावं कागदावर लिहा आणि कागद प्लास्टिकमध्ये घाला. डोंगरात रेंज जाते, शिवाय भिजल्या बोटांना फोन दाद देत नाही.

व्हिसाचं थोडक्यात. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा इथं चालत नाही, आयर्लंडचा वेगळाच काढायचा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. डोनेगलपर्यंत जाणार असाल तर हेही लक्षात ठेवा की उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे. शिनोळीला निदान कुठं राज्य बदललं ते कळतं. आयर्लंडच्या त्या सीमेवर ना नाका ना पोलीस, वेगाच्या पाटीवर किलोमीटरचे मैल झाले की समजायचं, आलो पलीकडे. कुणी अडवत नाही म्हणून परवानगी लागत नाही असं नव्हे. तिकडं चाक नेणार असाल तर अर्ज करतानाच दोन्हीकडे चालणाऱ्या व्हिसाची चौकशी करा.

सायकल भाड्यानं घ्यावी की न्यावी? आठवडाभराची सहल असेल तर भाड्यानं, तीन आठवड्यांची असेल तर स्वतःची. काही झालं तरी चढासाठी अगदी हलका गिअर हवा. तिथले चढ लांब नसतात, पण एकदम उभे येतात. टायर 32 ते 38 मिलिमीटर. मडगार्ड हवेतच. रिम ब्रेक असतील तर जादा ब्रेकपॅड घ्या, ओल्या रस्त्यावरची कच ते भराभर खाते. चेनला ओल्या हवेसाठीचं जाड तेल आणि कॅरियरच्या प्रत्येक बोल्टला ग्रीस. समुद्राची खारी हवा बोल्ट धरून ठेवते, मग पाना फिरतो आणि डोकं झिजतं. विमानात नेताना टायरचा चिखल घासून काढा, पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर मोठ्या सामानात टाका.

पावसाचं म्हणाल तर आकड्यात तो कणकुंबीपुढं काहीच नाही. पश्चिमेकडच्या सखल भागात वर्षाला साधारण 1000 ते 1400 मिलिमीटर. पण तो चार महिन्यांत संपत नाही, बारा महिने वाटून पडतो, बारीक आणि आडवा. जूनमध्येही दुपार 15 ते 20 अंशांची, त्यामुळे भिजलं की गारठा. आपला जाड रेनकोट आतून घामानं भिजवतो, तिथं हवा खेळणारं जाकीट, आत लोकरीचा पातळ थर आणि कोरड्या मोज्यांची वेगळी पिशवी लागते. सराव घरबसल्या होतो. आषाढात भरलेल्या पिशव्या लावून बेळगाव ते जांबोटी, जमल्यास कणकुंबी करा. जाताना वारा तोंडावर असतो, तोच हवा आहे. जूनमध्ये तिकडं रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा पहाटे उठून पळायची गरज नाही. सकाळचा पाऊस चहावर काढा. चहा दूध घातलेला आणि कडक मिळतो, वेलची तेवढी विसरा.

खाण्याचं नियोजन मात्र करावं लागतं. पबमधलं स्वयंपाकघर रात्री साडेआठ-नऊला बंद होतं, दारू सुरू राहते. दुपारी सूप आणि सोडा ब्रेड हे हुकमी जेवण. न पिणारा माणूस पबमध्ये बसला तरी कुणी वळून बघत नाही. सोमवार पाळणाऱ्यांनी भाजीचं सूप म्हटलं तरी कोंबडीच्या पाण्यात केलंय का ते विचारावं. न्याहारीतलं ब्लॅक पुडिंग गोड नसतं, ते डुकराच्या रक्ताचं असतं. घरून ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी न्या, आठवडाभर साथ देतात. लेकीसाठी कुंदा न्यायचा मोह आवरा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात.

मुक्कामाला बी अँड बी (न्याहारीसह घरगुती खोली) किंवा हॉस्टेल. तंबू लावायचा असेल तर शेतकऱ्याला विचारा. तिथं रान मोकळं नसतं, प्रत्येक कुंपणाला मालक आहे आणि विचारलं तर बहुधा तो हो म्हणतो. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवून पुढे जा. जुलैच्या शेवटच्या सोमवारपासून आठवडाभर गॉलवेला घोड्यांच्या शर्यती असतात, खोली मिळत नाही. त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी 764 मीटर उंच क्रो पॅट्रिक डोंगरावर भाविक चढतात, काही अनवाणी. वेस्टपोर्टजवळचा रस्ता त्या दिवशी गाड्यांनी भरतो, टाळा.

वेस्टपोर्टहून अकिल बेटापर्यंत जुन्या रेल्वेच्या वाटेवर सुमारे 42 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. रेल्वे 1937 ला बंद पडली. चढ सौम्य आहे, मोटारी नाहीत, पण वाट पश्चिमेची, म्हणजे वारा तोंडावर. जाताना दिवस घ्या, येताना आपोआप ढकलले जाल. परत वेस्टपोर्टला डब्लिनची गाडी मिळते. डब्यात सायकलींच्या जागा मोजक्याच, म्हणून आपल्या तिकिटाबरोबरच सायकलचं आरक्षण करा. आणि विमानासाठी पुठ्ठ्याचं खोकं हवं असेल तर सायकलच्या दुकानात दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा, नाहीतर ते रद्दीत गेलेलं असतं.