जुनी कॅसेट टीव्हीवर लावायची तर कोणती पिन कुठं?

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीला टीव्ही आता कमी येतात, पण जुना व्हीसीआर आणि कॅसेटांची पिशवी घेऊन येणारे वाढलेत. कुणाकडं आईवडिलांचं लग्न असतं, कुणाकडं आजोबांनी खासबागेत मारलेली कुस्ती. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुंभार गल्लीकडच्या कितीतरी घरांतल्या कॅसेटा चिखलात गेल्या. ज्या वाचल्यात त्यांच्यातलं चित्र जेवढं निघेल तेवढं निघालंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आणि पुष्कळदा चित्र बिघडतं ते जोडणी चुकल्यामुळं. कॅसेटचा त्यात दोष नसतो.

एक सूत्र धरून चाला. काळं-पांढरं चित्र, रंग आणि आवाज वायरीतून जितके वेगवेगळे येतील, तितकं चित्र स्वच्छ. टीव्हीच्या पाठीमागची सगळी भोकं या एका हिशेबानं समजतात.

सगळ्यांत खालची पायरी म्हणजे अँटेनाचं भोक, आरएफ. इथं चित्र, रंग, आवाज सगळं एकाच वायरीत, तेही एका चॅनेलच्या फ्रिक्वेन्सीवर चढवलेलं असतं. व्हीसीआरच्या आत त्यासाठी मॉड्युलेटर असतो, म्हणजे घरातल्या घरात एक छोटं प्रक्षेपण केंद्रच. आपल्याकडचे बहुतेक व्हीसीआर (पाल पद्धतीचे) हा सिग्नल यूएचएफ पट्ट्यातल्या ३० ते ४० नंबरच्या चॅनेलच्या आसपास सोडतात. कॅसेट चालू ठेवून टीव्हीवर ॲनालॉग सर्च लावा, चित्र सापडलं की फाइन ट्यूनिंगनं आवाजातली खरखर घालवा आणि मग एएफटी चालू करा, म्हणजे चॅनेल सरकत नाही. जुनी चपटी पट्टी वायर ३०० ओहमची आणि टीव्हीचं गोल भोक ७५ ओहमचं. मध्ये बलून (३०० ओहमचं ७५ ला जुळवणारा छोटा अडॅप्टर) न घालता नुसते तारेचे टोक कोंबले तर मुंग्या आणि डबल चित्र येणारच. दुसरा काही मार्ग असेल तर आरएफ वापरू नका.

त्याच्या वर लाल-पांढरी-पिवळी. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी लावा. पिवळ्या पिनेतल्या सिग्नलला कॉम्पोझिट म्हणतात. आवाज वेगळा झाला, पण काळं-पांढरं चित्र आणि रंग अजून एकत्रच आहेत. रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवून त्याच चित्रात मिसळलेला असतो. तांबडा आणि पांढरा रस्सा एका वाटीत ओतल्यावर पुन्हा वेगळा करायला सांगावा, तसं काम टीव्हीला करावं लागतं. ते पूर्ण जमत नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये चौकटीच्या शर्टावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे हलताना दिसतात, किंवा ‘शुभविवाह’ या रंगीत अक्षरांच्या कडेला बारीक ठिपके चालत जातात, ते यामुळंच. टीव्हीत चांगला कोम्ब फिल्टर, म्हणजे रंग आणि काळं-पांढरं वेगळं काढणारी चाळणी, असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

एस-व्हिडिओच्या गोल भोकात चार बारीक पिना असतात. यात काळं-पांढरं एका जोडीवर आणि रंग दुसऱ्या जोडीवर, त्यामुळं ठिपके आणि पट्टे जवळजवळ जातात. साध्या व्हीएचएस व्हीसीआरला हे भोक बहुधा नसतं; एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित जात) व्हीसीआरला आणि हाय-८ कॅमेऱ्याला असतं. असेल तर तेच वापरा. पिन घालताना मधली प्लास्टिकची चौकोनी जीभ खाचेसमोर धरा आणि मगच दाबा. जोर केला की पिना वाकतात, आणि वाकलेली एक पिन म्हणजे टीव्हीवर रंग गायब. आवाज यातून येत नाही, त्यासाठी पांढरी-लाल वेगळी लावावीच लागते.

कॉम्पोनंट म्हणजे हिरवी, निळी, लाल. डीव्हीडी प्लेअरवर ही जरूर वापरा. हिरवीत पूर्ण काळं-पांढरं चित्र असतं, निळी आणि लालमध्ये फक्त रंगाचा फरक. इथं दोन लाल पिना होतात, एक चित्राची आणि एक आवाजाची, आणि सगळा गोंधळ तिथंच. नुसती हिरवी लावून बघा: काळं-पांढरं चित्र स्थिर आलं तर ती बरोबर बसलीय. मग निळी, मग लाल. अदलाबदल झाली तर माणसांचे चेहरे निळे-जांभळे दिसतात, इतकंच. या सिग्नलचा जोर जेमतेम एक व्होल्ट असतो, चुकीच्या भोकात गेल्यानं टीव्ही जळत नाही. बिनधास्त बदलून बघा.

आता नव्या एलईडी टीव्हीचं. “पिवळं भोकच नाही,” हे मला रोज ऐकायला मिळतं. हिरव्या भोकाकडं नीट बघा. पुष्कळ टीव्हींवर त्याच्या कडेला पिवळी खूण असते किंवा खाली एव्ही असं लिहिलेलं असतं. पिवळी पिन त्यातच लावायची आणि सोर्समध्ये एव्ही निवडायचं. चुकून कॉम्पोनंट निवडलं की चित्र काळं-पांढरं येतं आणि लोक समजतात, कॅसेटचा रंग उडाला.

काही टीव्हींना हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं. त्याला टीव्हीसोबत आलेलीच वायर लावा. आतल्या जोडणीचा क्रम कंपनीप्रमाणं बदलतो. दुसरी वायर घातली तर चित्र लाल पिनेवर येतं आणि स्पीकरमधून भुणभुण ऐकू येते. तसं झालं तर तिन्ही पिना आळीपाळीनं पिवळ्याच्या जागी लावून बघा.

फक्त एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टर लागतो. एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी नुसती वायर घेऊ नका. एचडीएमआय डिजिटल आहे, आणि साध्या तांब्याच्या तारेनं ॲनालॉगचं डिजिटल होत नाही. डबी घ्या, तिला यूएसबीतून वीज द्या, आणि घेताना डबीवरचा बाण वाचा: एव्हीकडून एचडीएमआयकडं. उलट्या दिशेची डबी अगदी तशीच दिसते.

मेनूतली पहिली गोष्ट कलर सिस्टिम. आपल्याकडं १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते पाल पद्धतीचं: ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतून आलेली कॅसेट एनटीएससीची, ५२५ ओळी आणि जवळजवळ ३० चित्रं. ती साध्या पाल व्हीसीआरमध्ये नीट चालत नाही, कितीही ट्रॅकिंग (हेड पट्टीवर नीट जुळवायचं बटण) फिरवलं तरी. दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर लागतो. टीव्ही ऑटोवर ठेवा, रंग येत-जात असेल तर हातानं पाल निवडा. टिंटचं, म्हणजे रंगाची छटा बदलायचं बटण चालत नाही म्हणून टीव्ही बिघडला असं समजू नका. पालमध्ये रंगाची फेज दर ओळीला उलटते, त्यामुळं चूक आपोआप छाटली जाते. टिंट एनटीएससीलाच लागतो.

शार्पनेस निम्म्याच्या बराच खाली आणा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील साधारण २४० ओळींचाच असतो. शार्पनेस वाढवून नवा तपशील येत नाही, चेहऱ्याभोवती पांढरी कड आणि खरखर तेवढी वाढते. चित्राचा आकार ४:३ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, नाहीतर नवरा-नवरी दोघंही आडवे पसरतात. ब्लू बॅक बंद करा, कारण कॅसेटचा सिग्नल जरा कमजोर झाला की टीव्ही सगळं झाकून निळा पडदा लावतो. चित्राच्या अगदी खालच्या कडेला थरथरणारी पट्टी दिसली तर काळजी नको. ती व्हीसीआर एका हेडवरून (पट्टी वाचणाऱ्या भागावरून) दुसऱ्या हेडवर जातानाची असते; डबा टीव्ही चित्राची कड पडद्याबाहेर कापायचा म्हणून पूर्वी दिसत नव्हती.

डबा टीव्ही असेल तर त्याचं मागचं झाकण उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही.

आपल्या पावसात कॅसेटला बुरशी लवकर धरते. लावण्याआधी खिडकीतून बॅटरी मारून रिळाच्या कडा बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. आधी साफ करून घ्या. साफ कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं फिरवा, मग ट्रॅकिंग जुळवा, आणि चित्र स्थिर झालं की तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. बाहेरून करून घेणार असाल तर दुकानात विचारा, कोणत्या भोकातून घेताय. एस-व्हिडिओ असताना पिवळ्या पिनेतून घेत असतील तर थांबवा.