रोमन ब्लाइंड सरळ पडावा म्हणून

माप घ्यायला लोखंडी टेप घ्या. शिंप्याच्या गळ्यातली कापडी टेप वापरून वापरून ताणते. ब्लाउजला ते चालून जातं, कारण अंग थोडंफार सांभाळून घेतं. चौकट काही सांभाळून घेत नाही.

हे मला तारकर्लीच्या एका होमस्टेमध्ये कळलं. मालवणात माझं शिवणाचं दुकान आहे, ब्लाउज-फॉलपिको करता करता हात बसलेला. त्या काकूंना साधे पडदे नको होते, घड्या पडत वर जाणारे रोमन ब्लाइंड हवे होते. मी म्हटलं, चौकोनी कापड, सरळ शिलाई, त्यात काय कठीण? शिवला, लावला, आणि खाली सोडला तर उजवा कोपरा अर्धा इंच वर. काकू बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गे बाये, तुझो पडदो वाकडो." मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "खिडकी वाकडी आसा, ठावक आसा माका. पण कालपर्यंत ता दिसत नाय होता."

तो ब्लाइंड मी उसवला आणि पुन्हा शिवला. ब्लाइंड मशीनवर कमी आणि टेबलावर जास्त बनतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. मशीनचं काम असतं जेमतेम तासाभराचं. बाकी सगळं मोजणं, आखणं, इस्त्री आणि हातशिलाई.

आपल्याकडच्या चिऱ्याच्या घरांत गिलावा कुठे जाड, कुठे पातळ असतो, त्यामुळे खिडकीचा कोनाडा क्वचितच काटकोनात सापडतो. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. समजा, सव्वाछत्तीस, छत्तीस आणि पावणेछत्तीस इंच आली. यातली सगळ्यात लहान धरायची आणि त्यातून अर्धा इंच वजा करायचा: सव्वापस्तीस. उंचीही तीन ठिकाणी मोजा. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांत पाव इंचापेक्षा जास्त फरक निघाला तर मी ब्लाइंड कोनाड्याच्या आत लावतच नाही. बाहेरून, भिंतीवर लावते, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच आणि वर चार इंच जास्त धरून. मग खिडकीचा वाकडेपणा कापडामागे झाकला जातो. झडपा आतल्या बाजूला उघडत असतील तरीही बाहेरूनच लावावा लागतो. हे विचारायला विसरलात तर ब्लाइंड लावल्यावर झडप उघडणार नाही आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे बघत बसेल.

माझे सासरे गवंडी होते. त्यांचा पितळी ओळंबा आता माझ्या शिवणाच्या पेटीत असतो. ब्लाइंड लावून झाला की कडेला तो सोडून बघते. गिऱ्हाइकाला गंमत वाटते, पण नुसत्या नजरेवर माझा आता विश्वास नाही.

कापडाबद्दल थोडक्यात. जाडसर सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र घ्या, हातात धरल्यावर घडी धरून राहील असं. लुळं कापड घड्यांच्या मध्ये पोट काढतं. रेशीम समुद्राकडच्या खिडकीला लावू नका. पश्चिमेचं ऊन दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत थेट आत येतं आणि उन्हानं रेशमाचा धागा जळतो, दोन-तीन वर्षांत घडीवर चिरा पडतात. चौकटीचं किंवा आडव्या पट्ट्यांचं छापील कापड घेताना दुकानातच आडवा धागा ओढून बघा. छपाई धाग्याला तिरकी असेल तर ते कापड कितीही स्वस्त मिळो, परत ठेवा. धाग्यावर कापाल तर पट्टे तिरके दिसतील, पट्ट्यावर कापाल तर ब्लाइंड पिळतो. यावर उपाय नाही.

अस्तर घालायचंच. ऊन अस्तर खातं, म्हणून वरचं कापड टिकतं. झोपायच्या खोलीसाठी काळोख करणारं, रबरासारखा लेप असलेलं अस्तर मिळतं. पण त्यात टाचणी टोचली की भोक कायमचं राहतं आणि सकाळी तिथून उजेडाचा ठिपका दिसतो. तिथे टाचण्यांऐवजी चिमटे वापरा.

कापड आणि अस्तर दोन्ही आधी पाण्यातून काढा. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर इंचाला तीन ते पाच इंच आटू शकतं. वरचं कापड आटलं आणि अस्तर आटलं नाही, तर ब्लाइंड कागदासारखा वळतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कापड वाळत नाही, म्हणून मी हे काम मे संपायच्या आत उरकून ठाण ठेवून देते. अर्धवट दमट असतानाच इस्त्री करा, उभ्या धाग्याच्या दिशेनं. तिरकी ओढली की कापड तिरकं होतं.

आता आखणी. टेबल मोठं हवं. माझ्याकडे जुन्या दरवाज्याची फळी आहे, त्यावर ब्लँकेट आणि वर मांजरपाट ताणून ठोकलंय. सुताराचा मोठा गुण्या घ्या. कापडाचा आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापा. काठ मात्र कापून टाका, कारण काठ बाकीच्या कापडापेक्षा घट्ट विणलेला असतो आणि पुढे तो आकसतो.

हिशेब एका उदाहरणानं सांगते. तयार ब्लाइंड सव्वापस्तीस इंच रुंद आणि अठ्ठेचाळीस इंच उंच हवाय. ब्लाइंड जिला टांगायचा त्या वरच्या लाकडी पट्टीपाशी दोर आणि कड्यांसाठी अडीच इंच सोडायचे. अर्धा इंच तळाला जास्त ठेवायचा, म्हणजे वर ओढल्यावर तळाची किनार घड्यांच्या खाली जराशी डोकावते. उरले पंचेचाळीस. याला विषम आकड्यानं भागायचं: पाच, सात किंवा नऊ. इथे नऊनं भागलं की पाच इंच येतात. एक भाग तळाला, बाकीचे दोन-दोन मिळून एकेक घडी. घड्या सरळ पडाव्यात म्हणून अस्तराच्या खोळींत आडव्या काठ्या असतात. म्हणजे तळापासून पहिली काठी साडेपाच इंचांवर, पुढच्या दहा-दहा इंचांवर: साडेपंधरा, साडेपंचवीस, साडेपस्तीस. वर उरतात साडेबारा. बेरीज अठ्ठेचाळीस येते का ते कागदावर बघा आणि मगच कात्री उचला. घडी आठ ते बारा इंचांच्या दरम्यान असेल तर ब्लाइंड डौलदार दिसतो.

वरचं कापड सव्वाएकोणचाळीस बाय चौपन्न कापा: दोन्ही बाजूंना दोन-दोन, वर आणि खाली तीन-तीन इंच. अस्तराची रुंदी तयार ब्लाइंडएवढीच, सव्वापस्तीस. बाजूंनी पाऊण-पाऊण इंच दुमडलं की ते आपोआप दोन्हीकडून पाऊण इंच आत बसतं. लांबी छप्पन्न: तयार अठ्ठेचाळीस, वर तीन, आणि काठ्यांच्या चार खोळी मिळून पाच इंच खातात.

खोळी आधी फक्त अस्तरावर शिवायच्या, अस्तर जोडण्यापूर्वी. तळापासून साडेपाच इंचांवर रेघ, तिच्यावर सव्वा इंचावर दुसरी. मग दहा सोडून पुन्हा रेघ, वर सव्वा इंचावर आणखी एक. असं चारदा. जोडीतल्या दोन रेघा एकमेकींवर आणून शिलाई मारली की पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खोल खोळ तयार होते. प्रत्येक रेघ गुण्यानं काटकोनात आखा. एका टोकाला एक सूत इकडे-तिकडे झालं तर चौथ्या घडीपर्यंत ते उघड दिसतं. मशीनला चौदा नंबरची नवी सुई, टाका जरा मोठा, आणि दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा दमट हवेत कुजतो.

मग वरच्या कापडाच्या बाजू दुमडून इस्त्रीनं बसवा आणि हातानं तुरपाई करा. सुईनं पुढच्या कापडाचा एकच धागा उचलायचा, दोरा ओढून घट्ट करायचा नाही. मशीनची शिलाई बाजूला दिसली की ब्लाइंड घरगुती दिसतो, मग कापड कितीही महागाचं असो. दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. मशीनला मोटर लावलेली, ती बंद. तेव्हा दिवसा उजेडात दारात बसून मी चार ब्लाइंडची तुरपाई पुरी केली. तितकी समान तुरपाई माझ्या हातून पुन्हा झालेली नाही.

अस्तराच्या बाजू दुमडून घ्या. वरचं कापड टेबलावर उलटं पसरा, त्यावर अस्तर ठेवा. मधल्या रेषेपासून सुरुवात करून बाहेर टाचत जा. अस्तर ताणू नका, किंचित सैल असलेलं बरं. अस्तराचं तळटोक तयार तळाच्या रेघेवर ठेवून वरच्या कापडाचे तीन इंच त्यावर दुमडा, अर्धा इंच आत घालून. कोपरे तिरपे दुमडून कापड पातळ करा, नाहीतर तिथे गाठोडं होतं. अस्तराच्या बाजूही हातानंच जोडा, फक्त खोळींची तोंडं एका बाजूला उघडी राहू द्या. शेवटी प्रत्येक खोळीवर तीन ठिकाणी एकेक बारीक टाका वरच्या कापडापर्यंत न्या, म्हणजे घडी पडताना दोन्ही कापडं एकत्र चालतात.

माथा सगळ्यात शेवटी. ब्लाइंड सपाट पसरा आणि तयार तळापासून वर अठ्ठेचाळीस इंच मोजा, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. ती रेघ म्हणजे माथा. काकूंच्या ब्लाइंडला मी माथ्यापासून खाली मोजत आले होते, आणि वाटेत झालेल्या सगळ्या चुका तळाला गोळा झाल्या. माथ्याला वेल्क्रोची मऊ बाजू शिवा, काटेरी बाजू लाकडी पट्टीला ठोका. तिथे एखाद्या सुताचा फरक राहिलाच तर वेल्क्रो सोडून पुन्हा चिकटवता येतो.

काठ्यांबद्दल माझी फजिती सांगितलीच पाहिजे. पहिल्या वर्षी मी घरच्या बांबूच्या कामट्या घातल्या. फुकटच्या, सरळ तासलेल्या, दिसायला छान. पावसाळ्यानंतर एका गिऱ्हाइकाचा फोन आला की ब्लाइंडखाली रोज पिवळी भुकटी सांडते. भुंग्यानं कामट्या पोखरल्या होत्या. आता फायबरच्या गोल काठ्या घालते, तळाला ॲल्युमिनियमची चपटी पट्टी. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तर आपल्या हवेत फुगतेच. लोखंडी स्क्रू लावाल तर खाऱ्या वाऱ्यानं दोन पावसाळ्यांत गंज कापडावर उतरतो, आणि तो डाग जात नाही. स्टेनलेस घ्या, किनाऱ्यालगत असेल तर ३१६ नंबरचं. ३०४ वरही तांबूस डाग येतात. पितळी रिंगांवर हिरवट कळंक चढतो, म्हणून कापडावर प्लॅस्टिकच्या रिंगा बऱ्या. ऊन लागून त्या ठिसूळ होतात, पण त्या अस्तराच्या बाजूला असतात, बदलायला सोप्या.

रिंगांच्या तीन उभ्या रांगा: दोन कडेपासून दोन इंच आत, एक मधोमध. प्रत्येक खोळीवर एक रिंग, दोऱ्याचे सहा-सात फेरे मारून. वरच्या पट्टीला त्याच ओळीत गोल कडीचे स्क्रू. दोरी सगळ्यात खालच्या रिंगेला बांधून वर न्यायची, तिथून कड्यांमधून एका बाजूला. ब्लाइंड पूर्ण खाली सोडलेला असताना तिन्ही दोऱ्या सारख्या ताणात आणून एका गाठीत बांधा. वर ओढलेला असताना बांधाल तर ताण कळतच नाही.

लाकडी पट्टी चौकटीच्या लाकडात किंवा वरच्या काँक्रीटमध्ये पकडा. चिरा मऊ, भोकं भोकं असलेला. कडेजवळ ड्रिल लावलं की भुगा होऊन पडतो. लोंबती दोरी लहान मुलांच्या गळ्याला फास लावू शकते. युरोपातली मानकं म्हणतात की दोरी-साखळीचा फास जमिनीपासून दीड मीटर वर असावा. मी दोरी गुंडाळायची खुंटी पाच फुटांवर ठोकते. घरात मूल नसलं तरी, कारण होमस्टेमध्ये पुढच्या आठवड्यात कोण उतरेल ते मालकालाही ठाऊक नसतं.

लावल्यावर ब्लाइंड वर ओढून घड्या हातानं सारख्या करा, कापडाच्या पट्टीनं सैलसर बांधा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवा. घड्यांना सवय लागते. पावसाळ्यात मात्र वर ओढून ठेवू नका, घड्यांच्या आत बुरशी धरते. जी खोली बंद राहणार तिथला ब्लाइंड जूनच्या सुरुवातीला काढा, काठ्या काढून कापड गुंडाळून ठेवा. घडी घालायची नाही. काठ्यांवर खोलीचं नाव लिहा, नाहीतर चार खोल्यांच्या सोळा काठ्या जुळवत बसाल.

चाकरमानी यायच्या आधी सगळ्यांनाच घर नवं हवं असतं. म्हणून गणपतीच्या महिनाभर आधी मी नवीन माप घेणं बंद करते. तारकर्लीच्या काकू सोडून.