पाच अंश सेल्सिअसला कृत्रिम रबर कसे तयार करावे

स्टायरीन आणि ब्युटाडाईन या दोन रसायनांचे रेणू लांब साखळ्यांत जोडून केलेले स्टायरीन-ब्युटाडाईन रबर पूर्वी ५० अंश सेल्सिअसला तयार करीत. तेच ५ अंशांना तयार केले, तर रेणूंच्या साखळ्यांना फाटे कमी फुटतात, त्यांची रचना अधिक एकसारखी राहते आणि अशा रबराचा टायर रस्त्यावर कमी झिजतो.

साठवणीत ब्युटाडाईनचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जाऊ नयेत म्हणून त्यात रोधक (ही विक्रिया अडवणारा पदार्थ) मिसळलेला असतो. तो पुढील विक्रियाही अडवतो, म्हणून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुऊन तो आधी काढावा. नंतर वजनाने सुमारे ७० भाग ब्युटाडाईन आणि ३० भाग स्टायरीन, २०० भाग पाण्यात ४ ते ५ भाग साबण घालून घुसळावे. साखळ्यांची लांबी आवरण्यासाठी डोडेसिल मरकॅप्टन अगदी थोडे, म्हणजे ०.२ भागाच्या आसपास, पुरते. ब्युटाडाईन उणे ४.४ अंशांना उकळते, सहज पेट घेते आणि कर्करोगकारकही आहे. त्यामुळे हे काम कारखान्यातील बंद दाबपात्रातच, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली व्हावे. ऑक्सिजन विक्रिया रोखतो, म्हणून पात्रातील हवा नायट्रोजनने पूर्णपणे घालवावी.

खरी अडचण विक्रिया सुरू करण्याची आहे. ५० अंशांना उपयोगी पडणारे पोटॅशियम परसल्फेट इतक्या थंडीत जवळजवळ विघटित होतच नाही. म्हणून येथे हायड्रोपेरॉक्साईड आणि फेरस लोह यांची जोडी वापरावी: लोह इलेक्ट्रॉन देऊन पेरॉक्साईडचा बंध तोडते, त्यातून मुक्त मूलक, म्हणजे साखळी सुरू करणारा अतिक्रियाशील तुकडा, निर्माण होतो, आणि इलेक्ट्रॉन गमावून फेरिक झालेल्या लोहाला सोडियम फॉर्माल्डिहाईड सल्फॉक्झिलेट पुन्हा फेरस करते, त्यामुळे लोह नाममात्र लागते. लोह द्रावणात टिकावे म्हणून त्याला धरून ठेवणारे ईडीटीए हे रसायन घालावे. विक्रियेतून सतत उष्णता निघते, तेव्हा पात्रातील नळ्यांतून अमोनियाचे शीतन अखंड चालू ठेवावे.

सुमारे ६० टक्के रूपांतर होताच रोधक घालून विक्रिया थांबवावी. उरलेला कच्चा माल पाहून आणखी काही वेळ चालू ठेवण्याचा मोह होतो, परंतु त्यापुढे साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन न विरघळणारा जेल वाढतो आणि थंडीने साधलेला लाभ हातचा जातो. माझ्या मते संपूर्ण कृतीत सर्वाधिक लक्ष येथेच हवे.

उरलेले ब्युटाडाईन दाब कमी करून, तर स्टायरीन वाफेने काढून पुन्हा वापरावे. मग मीठ व सौम्य सल्फ्युरिक आम्लाने चीक, म्हणजे साबणाच्या पाण्यात रबराचे बारीक कण तरंगत असलेला दुधासारखा द्रव, साकळवून, रबराचे कण धुऊन वाळवावेत. प्रतिऑक्सिडीकारक (ऑक्सिजनपासून रबराचे रक्षण करणारा पदार्थ) मात्र साकळण्यापूर्वी चिकातच मिसळावा, म्हणजे तो सर्वत्र सारखा पसरतो आणि वाळवणीच्या उष्णतेत रबर खराब होत नाही.