वारशाने आलेल्या शिकारी रायफलीचे वय ठरवताना या चुका टाळा

आजोबांच्या नावावरची शिकारी रायफल वारसाच्या हाती आली की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘ही किती जुनी?’ आणि लगेच दुसरा, ‘हिचे काय येतील?’ गेली पंचवीस वर्षे मी अशा रायफली पाहतो आहे आणि नव्या मालकांच्या चुका मला आता तोंडपाठ झाल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि यांतल्या बहुतेक रायफली कापडात गुंडाळून ठेवल्या गेल्या. पन्नास वर्षे कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही. पण वारसाला मात्र रविवारच्या एका दुपारीच त्यांची सगळी कुंडली हवी असते.

सर्वांत आधी, रायफल रिकामीच असणार असे गृहीत धरू नये. ती उघडता येत नसेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून उघडून घ्यावी आणि तोवर चापाला बोट लावू नये.

आता ज्या चुकीने माझा सर्वाधिक संताप होतो तिच्याकडे वळतो, ती म्हणजे साफसफाई. काही वर्षांपूर्वी सातारा भागातले एक गृहस्थ मामांची दुनळी रायफल घेऊन आले. मला दाखवण्यापूर्वी ‘जरा बरी दिसावी’ म्हणून त्यांनी दोन दिवस खपून तिला पॉलिश पेपर मारला होता आणि ती स्टीलच्या तांब्यासारखी चकाकत होती. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर विक्रेत्याचे नाव आणि पत्ता कोरलेला असतो. तिथे आता ‘अँड कंपनी’ आणि कलकत्त्याची पहिली तीन-चार अक्षरे एवढेच उरले होते. नळ्यांचा मूळ गडद रंग गेला होता आणि ॲक्शनवरची, म्हणजे नळ्यांमागच्या लोखंडी यंत्रणेवरची, बारीक वेलबुट्टी अर्धी पुसली गेली होती. नळ्यांखालचे लाकूड कसे काढतात हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून तेवढाच भाग त्यांच्या हातून वाचला होता. मी ते काढले तेव्हा आत काळपट तेलाच्या थराखाली ठसे जसेच्या तसे होते: मुकुट, त्याखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि ‘बी.पी.सी.’ ही अक्षरे. हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या, बंदुकीच्या नळ्या तपासणाऱ्या चाचणीगृहाचा जुना ठसा आहे. ते चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले आणि १९०४ मध्ये त्याच्या ठशांची पद्धत बदलली, त्यामुळे नळ्या १९०४ पूर्वीच्या आहेत एवढे निश्चित सांगता आले. ती कोणत्या दुकानातून आली हे मात्र अजूनही कळलेले नाही आणि आता ते कळण्याची आशाही नाही.

माझी स्वतःची पद्धत कंटाळवाणी आहे. मऊ सुती कापड, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, आणि पुसून झाल्यावर एक रात्र थांबणे. ठसा वाचण्यासाठी विजेरीचा प्रकाश बाजूने तिरपा पाडावा. तरीही अक्षरे दिसली नाहीत, तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवावी, लहानपणी नाण्याचा छाप घेत असू तशी. गंज तसाच राहू द्यावा. घरातला स्क्रूड्रायव्हर तर कपाटातून बाहेरच काढू नये, कारण चांगल्या इंग्रजी बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा अतिशय अरुंद असतात आणि त्या नळीच्या दिशेने एका ओळीत लावलेल्या असतात. जाणकार माणूस आधी त्या खाचाच पाहतो आणि त्या चेंदलेल्या दिसल्या की मनातली किंमत उतरवतो.

दुसरी माझी नावडती चूक त्याच मुकुटाशी निगडित आहे. नळीवर मुकुट दिसला की घरात कथा जन्माला येते की ही रायफल राणीने, निदान एखाद्या गव्हर्नरसाहेबाने, पणजोबांना भेट दिली. मुकुट हे चाचणीगृहाचे चिन्ह आहे. ठरावीक जास्तीचा बार उडवून नळी फुटत नाही अशी खात्री झाल्यावर तो मारला जातो आणि बर्मिंगहॅम व लंडनमध्ये तपासलेल्या लाखो बंदुकांवर तो आहे. उपयोग आहे तो मुकुटाखालच्या अक्षरांचा. १९०४ पासून बर्मिंगहॅमचे ठसे मुकुट आणि ‘बी.व्ही.’, मुकुट आणि ‘बी.पी.’ असे झाले, सोबत ‘एन.पी.’ असेल तर नळीची चाचणी धूरविरहित दारूसाठी झाली आहे. लष्करी रायफलींवरची राजचिन्हे वेगळी असतात. ‘व्ही.आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, जिचे निधन १९०१ मध्ये झाले. सरहद्दीकडच्या कारागिरांनी बनवलेल्या नकलांवर ‘व्ही.आर.’ आणि त्याखाली १९०१ नंतरचे साल, किंवा उलटे कोरलेले ‘एन’ हे अक्षर आढळते. अशी नकलेची रायफल मोठ्या अभिमानाने दिवाणखान्यात टांगलेली मी पाहिली आहे आणि मालकांना खरे सांगताना मलाच अवघडल्यासारखे झाले.

कोरलेले नाव निर्मात्याचेच असते हाही असाच गोड गैरसमज आहे. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा किंवा लायन अँड लायन यांच्या नावाच्या कितीतरी बंदुका प्रत्यक्षात बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी बनवल्या आणि त्यांवर नाव पडले ते दुकानाचे. मुंबईत काळा घोड्याजवळ ज्यांची इमारत आजही उभी आहे, त्या आर्मी अँड नेव्ही या दुकानाचेही तसेच. तिथे नावाची अक्षरे मात्र नीट वाचावीत: ‘सी.एस.एल.’ म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी, आणि १९३४ मध्ये हे नाव बदलून ‘स्टोअर्स’ झाले.

पेटंटचे साल हे निर्मितीचे साल समजू नये. विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलवर ऑगस्ट १८९४ ची पेटंटची तारीख असते, पण ते मॉडेल पुढे विसाव्या शतकातही दशकानुदशके बनत राहिले. जुन्या जर्मन नळ्यांवर ‘१७२,२८’ असा आकडा दिसतो. तो बोअरचे, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचे, माप सांगणारा आहे. त्याला अनुक्रमांक समजून त्यावरून साल काढायचा खटाटोप करणारे मला वर्षातून एकदा तरी भेटतात.

कॅलिबरवरून, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या इंचांतल्या मापावरून, वय ठरवताना घाई करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. .३७५ मॅग्नम हे काडतूस हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणले, म्हणून त्या काडतुसाची रायफल त्याआधीची असू शकत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. नंतरची ती कितीही असू शकते. भारतापुरता एक धागा मात्र कामाचा आहे. ब्रिटिश लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी .४५० ची होती आणि ती बंडखोरांच्या हाती पडेल या भीतीने १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने त्या मापाच्या खाजगी रायफलींना इथे बंदी केली. .४७० आणि .४६५ ही काडतुसे त्यानंतर पुढे आली, ती याच बाजारपेठेसाठी. आजोबांच्या रायफलीचे माप यांपैकी असेल तर कालखंड बराच आवळता येतो.

परवान्याच्या जुन्या पुस्तिकेत ‘डी.बी.बी.एल.’ असे लिहिलेले असते. ती कंपनी नाही. मागून भरायच्या दुनळीचे ते संक्षिप्त नाव आहे. एका सुशिक्षित वारसाने या ‘कंपनी’चा शोध महिनाभर घेतला होता. तसेच ‘आर.एफ.आय.’ अक्षरांची .३१५ रायफल इंग्रजी नसून आपल्या ईशापूरच्या कारखान्याची असते.

‘जुनी आहे, म्हणजे परवाना लागत नाही’ ही समजूत सर्वांत महाग पडते. अमेरिकेत १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेल्या बंदुकीला कायद्यात वेगळी वागणूक आहे आणि तिकडचे वाचून इथले लोक निर्धास्त होतात. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ पुरातन शस्त्राला सूट देते ती केव्हा, तर ते दुरुस्त करूनही चालवण्याजोगे नसेल तेव्हाच. शंभर वर्षांची पण चालू स्थितीतली रायफल परवान्याचीच असते; .३०३ निघाली तर ती निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला सहसा परवाना न मिळणाऱ्या मापांत, मोडते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. वय शोधण्याचे काम रायफल जमा असतानाही करता येते. जमा करताना नळीवरचा आणि ॲक्शनवरचा असे दोन्ही क्रमांक स्वतः वाचून पावतीवर लिहून घ्यावेत. ते एकमेकांशी जुळत नसतील तर नळी कधीतरी बदललेली असू शकते आणि तिचे वय वेगळे धरावे लागते.